माप तेच

‘माप तेच’ म्हणायचं. का, ते विचारायचं नाही.

“पण का?” केतकीने विचारलं.

मठात बसलेल्या सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. बुवांची तेवढी वळली नाही. ते बोटांना तेल लावून ओले काजूगर सोलत होते.

आंबेखोल गावाच्या वर, डोंगरमाथ्यावरच्या सपाट सड्यावर, हा मठ आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, शेणाने सारवलेली जमीन, दारात काजूचं झाड. गावातलं कुणी कमवायला लागलं की घरचे त्याला इथे घेऊन येतात. बुवा एक माप तांदळाने भरतात, वरची शीग फळीने पुसून सपाट करतात आणि ते तांदूळ फडक्यात बांधून देतात. तुझं पोट एवढं, असा त्याचा अर्थ.

पुढे पगार वाढला की पुन्हा यायचं. भरलेल्या मापावर हात ठेवायचा आणि बुवांसमोर म्हणायचं, ‘माप तेच.’ म्हणजे पगार वाढला तरी माझी राहणी पहिलीच. वाढलेलं सगळं घराचं.

घराचं म्हणजे घरातल्या थोरल्याच्या हातात.

मग मठाच्या चुलीवर त्याच तांदळाचा भात शिजतो, आणि सगळे जेवून खाली उतरतात.

केतकी मांडवकर पुण्याला औषधांच्या कंपनीत काम करते. तिचा पगार वाढला होता, म्हणून तिला आणलं होतं. आधीच्या वाढींना तिने रजा मिळत नाही असं कळवलं होतं. या वेळी काकांनी स्वतः फोन केला. तिला लहानपणापासून वाढवणारे तिचे थोरले काका, वसंतकाका. शेजारी काकी. समोर मठाचे कारभारी नाना पेडणेकर, पांढऱ्या शुभ्र सदऱ्यात.

आणि दाराशी, सगळ्यांपासून थोडी लांब, केतकीची आई सुमन. सूप मांडीवर घेऊन ती तांदूळ निवडत होती.

“वेडेपणा करू नकोस,” काका म्हणाले. “हात ठेव आणि म्हण. भात व्हायचाय अजून.”

“म्हटल्यावर काय होईल ते आधी सांगा.”

“काय व्हायचंय? ती खोली सोडायची. पूर्वी चार मुलींत राहत होतीस, तशी राहा. वाचतील ते पैसे घरी येतील. वर स्लॅब टाकायचाय.”

“कुणासाठी?”

“घरासाठी!”

“निखिलचं लग्न ठरतंय,” काकी म्हणाली. निखिल हा काकांचा मुलगा.

बुवांनी एक काजूगर ताटलीत टाकला.

“सुमन,” ते म्हणाले, “गुडघा काय म्हणतो?”

“बरा आहे तिचा,” काका म्हणाले.

आईने वर केलेलं तोंड पुन्हा सुपात घातलं.

“बुवा, तुम्हीच सांगा हिला,” काकी पुढे सरकली. “निखिल तांदळाचं पोतं द्यायला गेला होता पुण्याला. त्याने सगळं पाहिलंय. एकटीला अख्खी खोली. धुण्याचं मशीन. आणि केर काढायला बाई!”

“एकटीच्या केराला बाई?” नाना म्हणाले.

बुवांनी पहिल्यांदाच केतकीकडे पाहिलं. “केर फार होतो?”

“थोडाच होतो, बुवा. वेळही थोडाच असतो.”

“हं.”

…

“पहिल्या पगारात काय घेतलंस?” बुवांनी विचारलं.

“काही नाही. कॉटचं भाडं, मेस, बसचा पास. उरलं ते इकडे पाठवलं. मेसमध्ये संध्याकाळचं खाणं नसायचं. भूक लागली की पाणी प्यायचे.”

दाराशी सुपाचा आवाज थांबला.

“मग?”

“मग थोडा वाढला. बूट घेतले. आधीच्यात पाणी शिरायचं. रोज दही घ्यायला लागले. आणि स्वतःची बादली.”

“बादली?”

“हॉस्टेलात बादलीला नंबर लागतो, बुवा. सकाळी आंघोळ हवी तर पहाटे उठून बादली धरून बसायचं.”

“बूट, बादली… ही गरज झाली,” नाना समजूतदारपणे म्हणाले. “याला कोण नाही म्हणेल?”

“आज कुणी म्हणत नाही, नाना. तेव्हा फोनवर दह्याचं बोलून गेले होते. काकी म्हणाली होती, घरी असताना कधी दही मागितलं नव्हतंस ते!”

“सहज म्हटलं असेल,” काकी म्हणाली.

“मग?” बुवांनी आपला प्रश्न सोडला नव्हता.

“मग आणखी वाढला. तेव्हा उधळले.”

“बघा! स्वतःच्या तोंडाने सांगते आहे,” काका म्हणाले.

“सांगतेच आहे. फोन घेतला. जुना चांगला चालत होता, पण सगळ्यांकडे नवा होता. एक ड्रेस घेतला, तो एकदाच घातला. वाढदिवसाला ऑफिसातल्या सगळ्यांना हॉटेलात नेलं. त्यातल्या निम्म्यांची नावं मला धड ठाऊक नव्हती. बिल मी दिलं, फोटो त्यांनी काढले. खोलीवर आले आणि रडू आलं.”

“पैसे गेले म्हणून?”

“नाही. पैसे होते.”

…

“आणि आता?”

केतकीने जरा विचार केला. उत्तर द्यायचं म्हणून नव्हे, खरंच आठवत होती.

“आता वस्तू फार घेत नाही. घ्यायला गेले तरी परत ठेवते. एक दाढ कॉलेजपासून ठणकत होती, ती बरी करून घेतली. गावाला येताना उभ्याने येत नाही. बाई ठेवली, तर रविवार मोकळा मिळतो. आणि दार घेतलं.”

“दार?”

“खोली भाड्याचीच आहे. पण तिच्या दाराला आतून कडी आहे. ती मी लावते.”

“मुलीच्या जातीला आतून कडी कशाला लागते?” काकी म्हणाली.

“मुलीच्या जातीलाच लागते, काकी.”

नानांनी खाकरून घेतलं.

“दिवाळीनंतर आई थोडे दिवस तिथे राहायला आली होती,” केतकी बुवांना म्हणाली. “पहिल्या सकाळी ती उठलीच नाही. चहा झाला, ऊन पलंगावर आलं, तरी नाही. मी घाबरले. नाकाशी हात धरून पाहिला. झोपली होती, बुवा. नुसती झोपली होती. घरी मी तिला कधी झोपलेली पाहिलीच नव्हती. मी उठायच्या आधी ती उठलेली असायची, आणि मी झोपल्यावर निजायची.”

बुवांचे हात थांबले.

“सुमन, तिथे झोप बरी लागते?”

“लागेल नाही तर काय!” काकी म्हणाली. “काम ना धाम.”

आई तांदळातला एक खडा बोटाने शोधत राहिली.

…

काकांनी आवाज खाली आणला. ते रागावत तेव्हा त्यांना उत्तर देणं सोपं असायचं. आता ते समजावत होते.

“हे बघ पोरी. तुझा बाप गेला तेव्हा तू एवढीशी होतीस. तुझी फी मी भरली. कॉलेजची भरली, हॉस्टेलची भरली. कधी बोलून दाखवलं?”

“आज दाखवलंत, काका. पण भरलीत, हे खरं आहे. मी विसरलेले नाही. म्हणूनच दर महिन्याला पाठवते.”

“मग ऐक. पगार वाढला की हात सैल होतो. सगळ्यांचाच होतो. आज बाई, उद्या गाडी, परवा आणखी काही. आणि एक दिवस नोकरी गेली म्हणजे? वाढवलेलं कमी करता येत नाही माणसाला. म्हणून वाडवडिलांनी हे घालून दिलंय. तुझ्या वाईटासाठी आहे का?”

हे बोलणं मूर्खपणाचं नव्हतं. केतकीलाही ते कळलं.

“नोकरी गेली तर कमी करीन,” ती म्हणाली. “मला येतं. पाणी पिऊन झोपायची सवय आहे मला. पण काका, निखिलला हे सांगितलंत?”

“त्याने शिमग्यातच हात ठेवला इथे. सगळ्यांदेखत.”

“हो. मी होते तेव्हा. ‘माप तेच’ म्हणाला, आणि दारात त्याची नवी मोटरसायकल उभी होती. चाकाला हार होता.”

“त्याला लागते गाडी,” काकी म्हणाली.

“कशाला?”

“कशाला म्हणजे…” काकीने इकडेतिकडे पाहिलं. “हिंडायला.”

नानांना हसू आवरलं नाही. ते सदऱ्याच्या बाहीत खोकल्यासारखे हसले.

“तुम्ही हसू नका, नाना,” केतकी म्हणाली. “तुमची मोटार बाहेर काजूखाली उभी आहे. पूर्वी त्या सावलीत कोंबड्या बसायच्या.”

“अगं, रस्ता झाला म्हणून आणली. पायऱ्या चढवत नाहीत आता.”

“मी कुठे म्हणते चढा? मोटार आणा की. पण मग माप तेच कसं?”

“ते काय कुणी खरंखुरं… ते म्हणायचं असतं!” नाना म्हणाले.

आणि थांबले.

काकांनी त्यांच्याकडे रागाने पाहिलं. काकीने पदर सारखा केला. बाहेर काजूच्या फांदीवर एक कावळा ओरडला आणि उडाला.

“म्हणायचं असतं,” केतकी म्हणाली. “मग माझी तेवढी खोली कशी सोडायची असते?”



तिने समोरचं, अजून न भरलेलं माप उचललं. पितळेचं, लखलखीत. काठाखाली नानांच्या वडिलांचं नाव कोरलेलं होतं, आणि त्याखाली, जरा मोठ्या अक्षरात, नानांचं.

“आणि हे कुठलं तेच?” ती म्हणाली. “मी पहिल्या पगाराला आले तेव्हा माप लाकडी होतं. काठाला चीर होती. त्यातून तांदूळ गळायचे, म्हणून आईने खाली फडकं धरलं होतं.”

“चीर होती म्हणूनच मी नवं दिलं,” नाना ताठ झाले. “तेवढंच आहे ते.”

बुवा उठले. गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश. आत गेले. चमचे, उलथणी जमिनीवर ओतल्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात जुनं लाकडी माप होतं. स्वयंपाकघरात ते चमचे ठेवायच्या कामी आलं होतं.

त्यांनी ते पंच्याने पुसलं आणि जमिनीवर ठेवलं. मग पितळी माप आईच्या सुपातल्या तांदळाने भरलं. फळीने शीग पुसली. एक दाणा वर राहिला नाही.

आणि पितळी मापातले तांदूळ लाकडी मापात ओतायला लागले.

लाकडी माप भरलं. त्यावर शीग चढली. बुवा ओततच होते. शीग ढासळली. तांदूळ काठावरून उतरले, चिरेतून गळाले, सारवलेल्या जमिनीवर पसरले. तरी पितळी मापात तांदूळ होतेच.

कुणी काही बोलायच्या आत आई उठून आली होती. तिने पदराखालचं फडकं काढलं आणि चिरेखाली धरलं. जसं पूर्वी धरलं होतं तसंच.

बुवा शेवटचा दाणा पडेपर्यंत ओतत राहिले.

“थोडं मोठं झालं असेल,” नाना हळू म्हणाले. “देणगी लहान दिसू नये म्हणून…”

…

“बुवा,” केतकीने विचारलं, “हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“हो.”

“कधीपासून?”

“पहिल्यांदा भरलं तेव्हापासून. हाताला कळतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“कुणी विचारलं नाही.”

“आणि तुमचं माप, बुवा?”

“केतकी!” काका म्हणाले.

बुवांनी हाताने काकांना थांबवलं.

“आधी जमिनीवर निजायचो,” ते म्हणाले. “आता खाट आहे. गादी आहे, वसंतानेच दिली. गेल्या साली नानांनी पंखा लावला. बरं वाटतं वाऱ्याने.”

“मग तुम्ही म्हणता का ‘माप तेच’?”

“मला म्हणायला लावणारं कोण आहे?”

“हे उत्तर नाही झालं, बुवा.”

काकीने तोंडावर हात ठेवला. मठात बुवांना असं कुणी बोललेलं तिने ऐकलं नव्हतं.

…

“नाही झालं,” बुवा म्हणाले.

आणि खाली बसले. सोललेल्या काजूगरांची ताटली त्यांनी बाजूला सारली. पितळी माप पुन्हा भरलं. या वेळी फळी फिरवली नाही. शीग तशीच ठेवली आणि माप केतकीपुढे सरकवलं.

“ठेव हात.”

काकांनी सुटकेचा श्वास सोडला. “ऐक त्यांचं. मोठी माणसं आहेत. ठेव.”

केतकीने हात ठेवला. शीग तिच्या तळव्याखाली दबली, थोडे दाणे बोटांमधून खाली आले.

“म्हण,” काका म्हणाले.

ती आईकडे पाहत होती. आई फडक्याची चारही टोकं मुठीत धरून उभी होती.

“माझं माप तेच नाही,” केतकी म्हणाली.

“काय?”

“मी उपाशी झोपायचे, आता जेवते. माझी दाढ ठणकायची, आता ठणकत नाही. मध्येच एकदा उधळलं, तेही माझंच. पुढे पगार वाढेल तेव्हा आणखी बदलेल. कदाचित पुन्हा चुकेन. घरी पाठवते ते पाठवत राहीन, काका, त्यात कमी करणार नाही. पण खोली सोडणार नाही. आणि जे खरं नाही ते या तांदळावर हात ठेवून म्हणणार नाही. निखिलने म्हटलं, नानांनी म्हटलं, तुम्हीही म्हटलं असेल. मी नाही म्हणणार.”

तिने हात काढून घेतला. शिगेवर तिच्या तळव्याचा खोलगट ठसा राहिला.

काका उभे राहिले. समजावणीचा आवाज संपला होता.

“मग तुझी आई? तिचं इथे कोण करतं? तिलाही घेऊन जा तुझ्या त्या कडीच्या दाराआड!”

“नेते.”

हे इतक्या पटकन आलं की काकांनी काकीकडे पाहिलं.

“म्हणजे… अशी कशी नेशील?” काकी म्हणाली. “सकाळचं दूध, गोठा, दोन वेळचा स्वयंपाक… पाहुणे यायचेत लग्न बोलायला… तिला नेलीस तर घर कोण…”

ती अर्ध्यावर थांबली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं असावं.

“ती नाही यायची,” काका म्हणाले. “जन्म या घरात गेला तिचा. तिला तिथे करमायचं नाही.”

“हे तिने सांगितलं तुम्हाला?”

काकांनी मान वळवली.

“मलाही तिने काही सांगितलेलं नाही,” केतकी म्हणाली. “मीही तिच्या वतीने नुसतं ‘नेते’ म्हणून टाकलं. तिला यायचंय, की इथेच राहायचंय, की आणखी कुठे जायचंय, मला माहीत नाही. तुम्ही तिला कधी विचारलंत?”

…

काका जमिनीवर सांडलेल्या तांदळाकडे पाहत राहिले. काकी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. नानांनी चष्मा काढला, पुसला, पण परत लावला नाही.

आई मध्येच उभी होती. हातात फडकं, फडक्यात तांदूळ. तिने या वेळी मान खाली घातली नव्हती.

आत चुलीवर आधण उकळत होतं. झाकण वाजत होतं. ते उतरवायला कुणी उठलं नाही.

…

“विचार की, वसंता,” बुवा म्हणाले.